जुन्या कंपायलरची आत्या

तिला सगळे आत्या म्हणायचे. भावाची मुलगी म्हणायची ती नात्यानेच, पण जिचं तोंड कधी पाहिलं नाही अशी देशोदेशीची माणसंही तिला आत्याच म्हणायची. झालं असं होतं, की एकदा कॉलवर बैठक रंगात आलेली असताना पुतणीने दार ढकललं आणि ठणकावलं, "आत्या, खाली ये बरं आता! त्या लोकांना काही घरदार आहे की नाही?" माइक चालू होता, आणि आत्याने लाजत अर्थ सांगितला. त्या लोकांना घरदार होतं, आणि त्यांच्याही घरी असंच ठणकावणारं कुणीतरी होतं, म्हणून सगळे खो-खो हसले. त्या दिवसापासून तिचं खरं नाव मागे पडलं ते पडलंच.

ती बैठक होती एका डेटाबेसची, म्हणजे नोंदी साठवून ठेवणाऱ्या प्रोग्रामची. हा डेटाबेस कुणा एका कंपनीच्या मालकीचा नव्हता. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. ज्याला हवा त्याने घ्यावा, चालवावा, बिघडला तर दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती पुन्हा सगळ्यांना द्यावी. कितीतरी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्यावर राबत होती. कुणी वेग वाढवी, कुणी नव्या सोयी आणी. आत्याच्या वाट्याला आलेल्या कामाकडे मात्र दुसरं कुणी फिरकत नव्हतं.

माणसाने लिहिलेला कोड यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. जगात कंपायलर एकच असता तर सगळं सुखाचं झालं असतं. पण जितकी यंत्रं तितक्या तऱ्हा. एक कंपायलर एखादी ओळ निमूटपणे गिळतो, दुसरा तिच्यावर कुरकुरतो आणि तिसरा तिथेच फतकल मारून बसतो. म्हणून कोडमध्ये जागोजागी पाट्या लावाव्या लागतात. हा कंपायलर असेल तर इकडून जा, तो असेल तर तिकडून. त्या सगळ्यांत जो सर्वांत जुना आणि सर्वांत आडमुठा, त्याच्या पाट्या आत्या सांभाळायची.

त्या कंपायलरशी तिची ओळख तरुणपणापासूनची. तो बनवणाऱ्या कंपनीतच ती नोकरीला लागली होती, चाचणी विभागात. कंपनी यंत्रंही बनवायची, अशी दणकट की धक्का लागला तर माणसालाच खोक पडावी. मग काळ फिरला. कंपनी विकली गेली, विकत घेणारीही विकली गेली, आणि शेवटी यंत्रं भंगारात निघाली तेव्हा आत्याने त्यातलं एक मागून घेतलं. चौघांनी ते हाश्शहुश्श करत भावाच्या घरी वरच्या मजल्यावर चढवलं. आत्याने लग्न केलेलं नव्हतं. तिची भावजय दारात उभी राहून म्हणाली, "लोकांच्या नणंदा सासरी जातात. आमच्या वन्संनी सासरच घरी आणलं!"

म्हणायची असं, पण दमट दिवसांत त्या यंत्राच्या मागून येणाऱ्या गरम वाऱ्यावर घरातले ओले मोजे वाळत घालायची तीच. खोली लांबट होती, एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला आत्याची खाट आणि मध्ये टेबल. रोज सकाळी यंत्र आपण होऊन डेटाबेसचा ताजा कोड उतरवून घ्यायचं, जुन्या कंपायलरच्या हवाली करायचं, तयार झालेला डेटाबेस चाचण्यांतून पिळून काढायचं आणि निकाल सगळ्यांना दिसेल अशा पानावर लावायचं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे मोडलं. लाल दिसला की आत्या चष्मा कपाळावरून नाकावर आणायची आणि कुणाच्या कुठल्या ओळीने घोटाळा केला ते शोधून मुकाट्याने दुरुस्त करायची.

"पण आत्या, हा कंपायलर आता वापरतं तरी कोण?" असं बैठकीत कुणीतरी अधूनमधून विचारायचंच.

"एक माणूस वापरतो," ती म्हणायची. "मला माहीत असलेला एक. मला माहीत नसलेले किती, ते मला कसं माहीत असणार?"

तो एक माणूस म्हणजे पातळीसाहेब. नदीच्या पाणीपातळीची नोंद ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयाचे ते अधिकारी. नदीत बसवलेल्या मापकाची तार ज्या कार्डाला जोडलेली होती, ते कार्ड त्या जुन्या यंत्राशिवाय कुठेच बसत नव्हतं. नवं सगळंच घ्यायचं तर नदीतला मापकही बदलायला हवा होता, आणि तो प्रस्ताव वर जायचा आणि शेरा मारून खाली यायचा, असा त्याचा जिन्यावर चढउतार चालू होता. तेव्हा जुनं यंत्र, जुना कंपायलर आणि त्यावर चालणारा हा फुकटचा डेटाबेस, एवढ्यावर नदीकाठच्या गावांना इशारा देण्याचं काम चाललं होतं. माणूस गमत्या होता. पहिल्याच फोनवर त्यांनी सांगून टाकलं होतं, "बाई, मी पातळी सोडून कधी बोलत नाही. ती नोकरीच आहे माझी."

एक दिवस त्यांचा फोन आला तेव्हा मात्र ते वैतागलेले होते. "मुख्यालयाने नवा प्रोग्राम बसवलाय. त्यांना आकडे पाठवायचे तर डेटाबेसची नवी आवृत्ती हवी म्हणतात. आमच्या ह्या म्हाताऱ्यावर ती चढेल का हो?"

"चढवू," आत्या म्हणाली.

चढवायला तिला फार त्रास पडला. नव्या आवृत्तीत तरुण मंडळींनी नव्या धाटणीचा कोड लिहिला होता आणि जुना कंपायलर पावलोपावली अडत होता. आत्याने पाट्यांवर पाट्या लावल्या. भावजय जेवणाचं ताट वर आणून ठेवायची आणि गार झालेलं तसंच परत न्यायची. पण एका सकाळी निकाल हिरवा आला, दुसऱ्या सकाळीही हिरवा आला, आठवडाभर हिरवाच राहिला, तेव्हा आत्याने तयार डेटाबेस पातळीसाहेबांकडे पाठवून दिला. त्यांनी तो बसवला आणि फोन करून म्हणाले, "म्हातारा पळायला लागला की हो!"

काही आठवडे बरे गेले. मग त्यांचा पुन्हा फोन आला.

"बाई, एक आकडा गळलाय."

"गळलाय म्हणजे?"

"म्हणजे मागचा आहे, पुढचा आहे, मधलाच नाही."

"मापकाने पाठवलाच नसेल."

"मलाही तसंच वाटलं. पण मापकाची आपली एक कागदी पट्टी असते, तिच्यावर तो आहे. पाठवलेला आहे. तुमच्या डेटाबेसात पोचून नाहीसा झालाय."

आत्याने आपल्याकडच्या चाचण्या पुन्हा चालवल्या. हिरव्या. आणखी चालवल्या. हिरव्याच. तिला वाटलं, असेल काही तारेचं दुखणं. पण मनाला लागून राहिलं, म्हणून तिने यंत्राला नोंद साठवण्याची एकच चाचणी सतत फिरवत ठेवायला सांगितली आणि खाली जाऊन भावाबरोबर चहा घेतला. वर आली तेव्हा हिरव्यांच्या लांबच लांब रांगेत एकच लाल ठिपका होता. त्याच्या पुढे पुन्हा सगळं हिरवं, जणू काही घडलंच नाही.

जे दरवेळी मोडतं त्याला धरता येतं. कधीमधी मोडणाऱ्याला कुठे धरणार? आत्याने शेवटी कंपायलरने तयार केलेली यंत्रभाषाच उघडली आणि एकेक सूचना बोटाने वाचत गेली. सापडायला बरेच दिवस लागले, पण सापडलं ते अगदी एवढंसं होतं. नव्या आवृत्तीत वेगासाठी एक युक्ती केलेली होती. आलेली नोंद आधी कप्प्यात ठेवायची, मग कप्प्यावर 'भरला' अशी खूण करायची. खूण दिसली की डेटाबेसचाच दुसरा एक भाग येऊन कप्पा उचलून नेणार. आधी माल, मग खूण. पण ह्या कंपायलरला वाटलं, दोन्ही कामं करायचीच आहेत तर क्रमाचं काय एवढं! त्याने खूण आधी केली आणि माल मागून ठेवला. बहुतेक वेळा काहीच बिघडत नव्हतं. पण एखाद्या वेळी नेमका त्याच फटीत दुसरा भाग यायचा, खूण बघून रिकामा कप्पा घेऊन जायचा, आणि मागून आलेली नोंद वाऱ्यावर.

क्रम फिरवू नकोस, असं कंपायलरला बजावण्याची सोय असते. आत्याने ती वापरलेली होती. दुसऱ्या सगळ्या कंपायलरांनी ती ऐकली. हा मात्र ऐकल्यासारखं करून आपलंच खरं करत होता.

तिने तिथे स्वतः यंत्रभाषेत चार ओळी लिहून बांध घातला. लाल ठिपके थांबले. दोन दिवसांनी दुसऱ्याच ठिकाणी उमटले. तिथे बांध घातला, तर तिसरीकडे. वेगासाठीची सगळी हुशारी बंद कर, असं कंपायलरला सांगून पाहिलं. ठिपके विरळ झाले, पण गेले नाहीत. तो आणखी कुठेकुठे क्रम फिरवतो, हे त्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि पोट बंद होतं. डेटाबेसचा कोड खुला, पण कंपायलरचा कोड कंपनीच्या तिजोरीत. त्या यंत्रासाठी पूर्वी एक खुला कंपायलरही होता. त्याच्या मंडळींनी मागेच हात वर केले होते.

तिने शेवटच्या मालक कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, ह्या उत्पादनाचा सपोर्ट संपलेला आहे."

"ते मला माहीत आहे. मी फक्त एवढंच विचारते, त्याचा कोड तुमच्याकडे कुणाकडे आहे का?"

"मॅडम, उत्पादनाचा सपोर्ट संपलेला आहे," ती मुलगी म्हणाली, तितक्याच गोड.

मग आत्याने जुन्या ऑफिसातल्या एका साहेबांना फोन केला, सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे. कंपायलरचा तो भाग त्यांनीच लिहिलेला. आता निवृत्त होऊन घरी असायचे. तिचा आवाज ऐकून हरखून गेले. "अगं, तू! अजून त्यालाच धरून बसलीस?"

"सर, क्रम फिरवायचा भाग तुम्ही लिहिला होता. तो कुठल्या कुठल्या जागी फिरवतो, आठवतं का काही?"

ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटायला लागले. आत्याला आशा वाटली, आठवत असतील. मग ते म्हणाले, "मी परवा गॅस बंद केला की नाही ते आठवायला अर्ध्या वाटेतून घरी परत आलो. आणि आठवलं असतं तरी काय गं करणार होतीस? कोड तर कपाटांबरोबर विकला गेला."

"खरंय, सर."

"पण चांगला लिहिला होता हं मी."

"चांगलाच होता," आत्या म्हणाली आणि तब्येतीची चौकशी करून तिने फोन ठेवला.

दरम्यान तिने पातळीसाहेबांना सगळं सांगितलंच होतं. "साहेब, नवी आवृत्ती काढा. जुनीवर परत जा. जुनीत ही युक्ती नाही, ती संथ आहे पण काही हरवत नाही."

"परत जायचं म्हणजे काय काय करायचं?"

"डेटाबेस थांबवायचा, सगळ्या नोंदी बाहेर काढायच्या, जुन्या आवृत्तीत पुन्हा भरायच्या. दिवसभराचं काम आहे. मी फोनवर बरोबर बसते."

पलीकडून सुस्कारा आला. "बाई, पुढे जायला आम्हाला एक सही लागली होती. मागे जायला किती लागतील, तुम्हीच हिशेब करा. त्यातून दिवसभर नोंद बंद ठेवायची म्हणजे मुख्यालय मला नदीतच उभा करेल. तरी लिहितो वर. आजच लिहितो."

त्यांनी लिहिलं. वरून उत्तर आलं की नवी आवृत्ती मुख्यालयाच्या धोरणानुसार आहे, तरी कारण सविस्तर कळवावं. आत्याने सविस्तर कारण लिहून दिलं. मग वरून विचारणा आली की कंपायलर म्हणजे काय.

इकडे डेटाबेसच्या बैठकीत विषय निघणार होताच. बैठक चालवणाऱ्या गृहस्थाला सगळे मुकादम म्हणायचे. वयाने आत्यापेक्षा बराच लहान, स्वभावाने शांत. आरडाओरडा करणारा असता तर आत्याने त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण तो सरळ माणूस होता, तिथेच तर पंचाईत होती.

"आत्या," तो म्हणाला, "मी एकच विचारतो. ह्या कंपायलरने बनवलेला आपला डेटाबेस नोंद हरवणार नाही, अशी खात्री तुम्ही देता का? तुम्ही हो म्हणालात तर मी पुढे काही विचारणार नाही."

आत्याच्या जिभेवर 'हो' आलं होतं. हो म्हटलं की आणखी वर्षभर तरी मुदत मिळाली असती, तेवढ्यात काही सुचलं असतं, पातळीसाहेबांच्या सह्या झाल्या असत्या. पण चाचणी विभागात जन्म गेलेला. न तपासलेल्याला हिरवं म्हणायची सवयच नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

"जे करायचं तेच कर. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं." आणि मग तिला राहवलं नाही. "पण त्या नदीवरच्या माणसाचं काय रे?"

"जुनी आवृत्ती आहेच की. तिच्या दुरुस्त्या आपण आणखी काही काळ देत राहू."

"तो जुनीवर नाहीये. मीच त्याला नवी दिली."

मुकादमाने ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

ठराव झाला, ह्या कंपायलरसाठीचा सपोर्ट, म्हणजे त्याच्या सगळ्या पाट्या, डेटाबेसमधून काढून टाकायचा. त्या पाट्या कोडमध्ये नेमक्या कुठे कुठे आहेत हे तिलाच ठाऊक, म्हणून मुकादमाने चाचरत विचारलं, की काढायचं काम तिनेच केलं तर बरं. आत्या हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, जणू काही शुभकार्यच आहे अशी टेबलाशी बसली. पहिली फाइल उघडली. वरचीच पाटी तिची, त्या यंत्रावर आकड्यांचे बाइट, म्हणजे तुकडे, उलट्या क्रमाने बसतात त्यासाठीची. ती तिने काढली. दुसऱ्या फाइलमधली काढली. तिसरीत तिनेच लिहिलेली एक टीप होती, 'ही ओळ निरर्थक दिसते, पण हात लावू नये'. तिथे तिचा हात थांबला तो थांबलाच. दुपारी तिने मुकादमाला कळवलं, "मला नाही जमत. दुसऱ्या कुणालातरी सांग."

दुसऱ्या कुणीतरी ते एका दुपारीत उरकलं. हजारो ओळी गेल्या. कोड किती सुटसुटीत झाला म्हणून लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. आत्याने तो नवा कोड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खरंच सुटसुटीत झाला होता. जिथे पूर्वी चार वाटा फुटायच्या तिथे आता एकच सरळ रस्ता होता. कुठे काही वाईट झालंय म्हणून बोट ठेवावं, तर जागा सापडेना.

भाऊ वर आला आणि खाटेच्या कडेवर टेकला. "ताई, आता ते यंत्र बंद करायचं का?"

"जुन्या आवृत्तीच्या चाचण्या चालू आहेत अजून."

"बरं," तो म्हणाला. मग वाळलेले मोजे घेऊन खाली गेला.

मग पातळीसाहेब फोन उचलेनासे झाले. आधी तिला वाटलं, कामात असतील. मग वाटलं, रागावले असतील. शेवटी एकदा फोन उचलला गेला तो दुसऱ्याच माणसाने. साहेबांची बदली झाली होती. कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या जागी कोण, तर अजून कुणी रुजू झालेलं नव्हतं. आणि डेटाबेस? "तो काय प्रकार आहे?" पातळीसाहेबांचा घरचा नंबर आत्याने कधी घेतलाच नव्हता. त्यांचं सगळं बोलणं नदीचं आणि नोंदींचं. घरचा विषय निघायला सवडच झाली नव्हती.

नदीच्या वरच्या अंगाला पाऊस लागल्याची बातमी आली त्या दिवशी आत्याने पिशवी भरली. भावजय म्हणाली, "वन्सं, अहो, तुमचा तिथे काय संबंध? सरकारचं आहे, सरकार बघून घेईल."

"हो ना," आत्या म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. बस बदलत बदलत पोचायला दुपार झाली.

कार्यालय म्हणजे पुलाच्या तोंडाशी असलेली बसकी एकमजली इमारत. बाहेर लोखंडी खुर्चीवर पहारेकरी बसला होता. आतल्या खोलीच्या दाराला कुलूप. पण दाराच्या फटीतून पंख्यांचा आवाज येत होता, आणि तो आवाज आत्याने झोपेतसुद्धा ओळखला असता. यंत्र चालू होतं.

"किल्ली कुणाकडे आहे?"

"मुख्यालयात. नवे साहेब आले की घेऊन येतील."

"कधी येणार?"

"येणार येणार म्हणतात. तोवर ते मशीन बंद करायचं नाही, असा हुकूम आहे." पहारेकरी अदबीने म्हणाला, "आपण कोण? काही निरोप आहे का?"

आत्या सांगायला लागली आणि मध्येच अडखळली. कप्पा, खूण, क्रम, कंपायलर... कुठून सुरुवात करायची? शेवटी ती म्हणाली, "जे कुणी येतील त्यांना एवढंच सांगा, की आत नोंदी गळतायत. जुन्या आवृत्तीवर परत जायचंय. मी येऊन करून देईन."

"गळतंय?" पहारेकऱ्याने छताकडे पाहिलं. "पाणी गळतंय का?"

"पाणी नाही हो. आकडे."

"आकडे गळतात?"

"गळतात. सगळे नाही. क्वचित एखादा."

हसला नाही, हे त्याचं मोठेपण. आपली खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बसा तुम्ही, ताई. लांबून आलेल्या दिसता. पाणी आणतो."

पाणी पिऊन तिने त्याला आपला नंबर दिला. त्याने तो फोनमध्ये घातला, पुन्हा वाचून दाखवला, "सांगतो हं नक्की," म्हणाला. नक्की सांगेलही, पण काय सांगेल, ह्याची खात्री त्यालाही नव्हती आणि तिलाही नव्हती. दाराशी जाऊन तिने एकदा कुलूप हातात घेऊन पाहिलं. मग सोडून दिलं.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून ती पुलावर जाऊन कठड्याशी उभी राहिली. खाली गढूळ पाणी संथपणे वर सरकत होतं. मधल्या खांबावर रंगाने पातळीचे आकडे काढलेले होते, लांबूनही स्वच्छ दिसत होते. ती बघत असतानाच पाणी एका आकड्याला टेकलं, मग तो आकडा हळूहळू पाण्याखाली गेला. तेवढ्यात मापकाने तो आतल्या यंत्राकडे पाठवलाही असेल. कप्प्यात पडला असेल, नाहीतर नसेल.

बस आली तशी आत्या पिशवी सावरत चढली आणि खिडकीशी बसली. कंडक्टरने कुठे जायचं म्हणून विचारलं, ते त्याला दोनदा विचारावं लागलं.